तार लावली का?



मेळाव्याच्या समितीने मला सांगितलं, "इंग्लंडमधल्या आयुष्याविषयी पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, आयुष्य नको, मी माझ्या गाडीविषयी बोलतो. त्यावर समितीतला एक जण लगेच म्हणाला, "म्हणजे आता आम्हाला गाडी दाखवणार का?" नाही रे बाबा. गाडी दहा वर्षांची आहे. मागचा बंपर खरवडलेला आहे, तो माझ्या मुलीने गाडी शिकताना खरवडला. दाखवण्यासारखं त्यात काही नाही. पण त्या गाडीपायी मी एकदा खोटं बोललो होतो, आणि ज्यांच्याशी बोललो ते आज इथे समोर बसले आहेत. ते तेवढं निस्तरायचं आहे. म्हणून हा विषय.

आधी गाडी म्हणजे काय ते सांगतो. आपल्या वर्गातला एक जण आज पेट्रोल पंप चालवतो आणि एक जण वीज मंडळातून, म्हणजे आताच्या महावितरणातून, निवृत्तीला आला आहे. शाळेत हे दोघं एकाच बाकावर बसायचे आणि दिवसातून चार वेळा भांडायचे. माझी गाडी म्हणजे तो बाक आहे. तिला पेट्रोलची टाकी आहे, इंजिन आहे, आणि शिवाय मोठी बॅटरी आहे, विजेवर चालणाऱ्या मोटारी आहेत. बॅटरी घरच्या सॉकेटला तार लावून चार्ज करायची. ती असेपर्यंत गाडी विजेवर चालते, संपली की पेट्रोलवर. याला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. आपल्याकडे सध्या ज्या हायब्रिड गाड्या रस्त्यावर दिसतात, त्यांतल्या बहुतेकांना तार नसते. त्यांची छोटी बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक लावताना भरते. तार लावायच्या गाड्या इथे अगदी मोजक्या आणि महागड्या आहेत. तिकडे मात्र त्या मध्यमवर्गाच्या दारात दिसतात.

मी कॉव्हेंट्रीला राहतो. ऑफिस वॉरिकला, घरापासून साधारण १८ किलोमीटर. २०१५ साली कंपनीने गाडी देऊ केली. यादीत मित्सुबिशी आउटलँडरची प्लग-इन हायब्रिड होती. ब्रिटनमध्ये ती २०१४ साली आली आणि बघता बघता प्लग लावायच्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त खपू लागली. कारण सांगतो. कंपनीची गाडी वापरली की तिकडे तिच्या किमतीच्या काही टक्के रक्कम तुमचं उत्पन्न धरून त्यावर कर लावतात. धूर जास्त तर टक्के जास्त. या गाडीचा कागदावरचा धूर इतका कमी होता, किलोमीटरला ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, की सुरुवातीला फक्त ५ टक्के धरायचे. शिवाय अशा गाडीला त्या वेळी सरकारचं ५,००० पौंडांचं अनुदान होतं. आता खरं सांगा, तुमच्यातल्या कुणी ती सोडली असती? मीही सोडली नाही. पर्यावरण वगैरे विचार माझ्या डोक्यात नव्हता. मी कर वाचवला.

कागदावर गाडीचं ॲव्हरेज होतं लिटरला जवळजवळ ५२ किलोमीटर. मोटरसायकललासुद्धा चांगलं म्हणावं असं. मला मिळायचं १२. हे ५२ कुठून आले, ते कळायला मला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा आपला भूमितीचा तास आठवला. सर फळ्यावर तीन मथळे लिहायचे: पक्ष, साध्य, सिद्धता. आणि बजावायचे, "पक्षात काय दिलंय ते आधी नीट वाचा. सिद्धता चुकत नाही, पोरं पक्ष वाचत नाहीत."

तर त्या वेळच्या युरोपीय चाचणीचा पक्ष असा होता. गाडी रोज पूर्ण चार्ज होऊन निघते. बॅटरीवर ५२ किलोमीटर जाते. बॅटरी संपल्यावर पेट्रोलवर आणखी फक्त २५ किलोमीटर जाते, आणि तिला पुन्हा सॉकेट मिळतं. म्हणजे एकूण ७७ किलोमीटर, त्यात पेट्रोल जळलं फक्त शेवटच्या २५ मध्ये. साधारण दीड लिटर. ७७ ला दीडने भागा. आले ना ५० च्या वर? सिद्धतेत चूक काहीच नाही. फक्त पक्षातलं पहिलं वाक्य, "गाडी रोज पूर्ण चार्ज होऊन निघते", ते माझ्या घरी खरं नव्हतं.

कारण मी तार लावतच नव्हतो.

गाडी घरी आली तेव्हा डिकीच्या तळाखाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत चार्जिंगची तार होती. पिशवीला चिकटपट्टी होती. दीड वर्ष ती चिकटपट्टी मी काढली नाही. आळस हे एक कारण झालंच. दमून घरी यायचं, पाऊस भुरभुरत असायचा, त्यात ती जाडजूड तार कोण उलगडणार? पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते सांगायला लाज वाटते. पेट्रोलसाठी कंपनीने कार्ड दिलं होतं. पेट्रोल कार्डावर जायचं आणि वीज माझ्या घरच्या बिलावर आली असती. मग मी कशाला तार लावू? गाडी पेट्रोलवर चालत होती, जड बॅटरीचं ओझं फुकट वाहत होती, आणि सरकार मला कमी धुराबद्दल सवलत देत होतं.

हे करणारा मी एकटा नव्हतो. ब्रिटनमध्ये पुढे बातम्या आल्या की कंपन्यांकडून परत येणाऱ्या अशा गाड्यांच्या डिकीत तारा जशाच्या तशा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या सापडतात. २०१८ साली सरकारने या प्रकारच्या गाड्यांचं अनुदान बंदच केलं. आणि २०२४ साली युरोपीय आयोगाने गाड्यांच्या आतल्या मीटरवरून गोळा केलेली माहिती प्रसिद्ध केली. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा रस्त्यावरचा खरा धूर चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. ते वाचताना मला बातमी वाचतोय असं वाटलं नाही, स्वतःचं प्रगतिपुस्तक वाचतोय असं वाटलं.

आता खोटं बोललो त्याविषयी.

डिसेंबर २०१६ मध्ये मी गावी आलो होतो आणि सरांना भेटायला गेलो. सर पडवीत आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, "काय नवीन?" मी गाडीचं सांगितलं. सर उठून बसले. एका लग्नपत्रिकेचं पाकीट घेतलं, उलटं केलं आणि म्हणाले, "आकृती काढ." एक्केचाळीस वर्षांचा, सॉरी, शेहेचाळीस वर्षांचा माणूस मी, घाम फुटला. टाकी काढली, इंजिन काढलं, बॅटरी काढली, बाण दाखवले. सरांनी पेन घेतलं आणि बॅटरीकडे येणाऱ्या बाणावर टोक ठेवून म्हणाले, "म्हणजे सगळा खेळ या तारेवर आहे. ही लावली नाही तर ही गाडी साध्या गाडीपेक्षा वाईट, कारण बॅटरीचं वजन वर. बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर सर." मग म्हणाले, "तू रोज लावतोस ना?"

मी म्हटलं, "हो सर. रोज."

सरांनी आत हाक मारून सूनबाईंना बाहेर बोलावलं आणि म्हणाले, "बघ, आमचा विद्यार्थी. विजेच्या गाडीतून ऑफिसला जातो. रोज रात्री स्वतः तार लावतो." मला चहा आला. तो चहा मी कसा प्यालो ते माझं मला माहीत.

जानेवारीत परत गेलो. पहिल्याच रविवारी डिकी उघडली, तळ उचलला आणि पिशवीची चिकटपट्टी काढली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने विचारलं, "बाबा, हे नवीन आणलं?" मी म्हटलं, "नाही, जुनंच आहे."

तर मित्रहो, रोज तार लावण्याचं आयुष्य कसं असतं, ते आता अनुभवाने सांगू शकतो. आठ वर्षं झाली.

पहिली गोष्ट, हे अगदी घरगुती काम आहे. तेरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रिकामी बॅटरी पाच तासांत भरते. बॅटरी १२ युनिटची, पण गाडी ती तळापर्यंत वापरू देत नाही. भिंतीतून साधारण १० युनिट जातात. आपली आई रात्री काय करायची? दूध तापवून झाकायची, गॅस बंद केला का बघायची, दाराला कडी घालायची. आमच्या घरी त्यात एक भर पडली. बायको जिन्यातून विचारते, "तार लावली का?" हा प्रश्न ती ज्या सहजपणे विचारते, त्यात सरांचा आवाज आहे हे तिला सुरुवातीला माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट, हिशोब. आपल्याकडे हिशोबाशिवाय भाषण पटत नाही. त्या वेळी पेट्रोल लिटरला १ पौंड २० पेन्सच्या आसपास होतं आणि वीज युनिटला साधारण १४ पेन्स. ऑफिसला जाऊन-येऊन ३६ किलोमीटर. पेट्रोलवर ३ लिटर, म्हणजे ३ पौंड ६० पेन्स. विजेवर १० युनिट, म्हणजे १ पौंड ४० पेन्स. तिकडे रात्री सात तास स्वस्त वीज देणारे मीटरही असतात, ते घेतलं तर आणखी कमी. पुढे २०२२ साली युद्धामुळे ऊर्जेचे भाव भडकले. त्या ऑक्टोबरमध्ये वीज ३४ पेन्सवर गेली, तरीही वीजच स्वस्त पडली. मात्र हे सगळं घरच्या सॉकेटचं. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर कित्येकदा विजेचा दर इतका असतो की या गाडीला पेट्रोलच परवडतं.

तिसरी गोष्ट, थंडी. उन्हाळ्यात नवी बॅटरी ऑफिसला जाऊन घरी यायला जेमतेम पुरायची. जानेवारीत पंचवीस-सव्वीस किलोमीटरला दम टाकायची. त्यात काचेवरचं दव घालवायला हीटर लावला की बऱ्याचदा इंजिन घुर्र करून सुरू होतं, कारण गरम हवेसाठी उष्णता लागते आणि ती त्याच्याकडे फुकट असते. उपाय हळूहळू सापडले. सकाळी तार लावलेली असतानाच फोनवरून गाडी गरम करून घ्यायची, म्हणजे ती वीज भिंतीतली जाते. हवा गरम करण्यापेक्षा सीट गरम करायची. आणि आईने विणलेला स्वेटर घालायचा. त्याला चार्जिंग लागत नाही.

चौथी गोष्ट, चालवणं बदलतं. माझ्या गाडीत स्टिअरिंगमागे दोन पाती आहेत. त्यांनी वेग कमी करताना किती वीज परत घ्यायची ते ठरवता येतं. उतार आला की बॅटरी थोडी भरते. पुढचा सिग्नल लाल दिसला की मी आता दुरूनच पाय काढतो. आपले एसटीचे जुने ड्रायव्हर घाटात जसं आधीच बघून गाडी सांभाळायचे, तसं. मागचे लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

लांबच्या प्रवासाला गाडी शेवटी पेट्रोलचीच. लंडनला डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालचं. गणपतीला आम्ही जातो, एका बाजूचे दीडशे किलोमीटर. त्यातले पहिले तीस-पस्तीस विजेवर गेले तर गेले. पण गाडीत बॅटरी राखून ठेवण्याचं एक बटण आहे. मोटरवेवर इंजिन चालवायचं आणि राखलेली वीज लंडनच्या खोळंब्यात वापरायची. इंजिनाने बॅटरी भरायचंही एक बटण आहे. ते शक्यतो दाबू नये. दूध विकून चहा विकत घेण्यातला प्रकार आहे.

एकदा अशाच प्रवासात मोटरवेवरच्या थांब्यावर मी एकमेव जलद चार्जरला गाडी लावून आत कॉफी प्यायला गेलो. परत आलो तर एक बाई दोन लहान मुलांना घेऊन थांबली होती. तिची गाडी पूर्ण विजेची, आणि ती अर्ध्या तासापासून उभी होती. ती चिडून बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तुमच्याकडे पेट्रोलही आहे ना?" मी तार काढली आणि तिच्या गाडीला लावून दिली. तेव्हापासून रस्त्यावरच्या जलद चार्जरला मी गाडी लावत नाही. ज्याच्याकडे दोन भाकऱ्या आहेत, त्याने पंगतीत पुढे घुसू नये.

आणि गंमत म्हणजे, एवढी सवय लागल्यावर उलटा प्रश्न आला. बरेच दिवस पेट्रोल भरलं नाही, तर ही गाडी आपणहून इंजिन सुरू करते, टाकीतलं पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून. पूर्वी दर आठवड्याला पंपावर जाणारा मी, आता महिना-सव्वा महिना जात नाही. पंपवाल्या मित्रा, माफ कर.

कंपनीची मुदत संपली तेव्हा मी तीच गाडी विकत घेतली. आता कार्डही नाही आणि करसवलतही नाही. बॅटरी दहा वर्षांत थकली आहे. उन्हाळ्यात तीस किलोमीटर गेली तर मी तिच्या बॉनेटवर थाप मारतो. ऑफिसात आता चार्जिंगचे खांब आहेत, तिथे पुन्हा तार लावतो. म्हणजे पूर्वी दिवसात शून्य वेळा, आता दोनदा.

वीज तरी कुठून येते, हा पुढचा प्रश्न सर विचारणार हे मला माहीत आहे. आठवीत सर आपल्याला लाल एसटीने कोयनेला घेऊन गेले होते. धरणाच्या भिंतीकडे बघत आपण शेंगदाणे खात होतो, आणि सर सांगत होते की हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे पडतं आणि डोंगराच्या आत वीज होते. गावात मात्र संध्याकाळी दिवे जायचे आणि आपण कंदिलावर अभ्यास करायचो. वीज कुठूनतरी येते आणि ती मोजून वापरायची असते, हे आपल्याला पुस्तकाने शिकवलं नाही, त्या कंदिलाने शिकवलं. मी इंग्लंडला गेलो तेव्हा आणि नंतरही कित्येक वर्षं तिथली वीज मोठ्या प्रमाणात कोळशाची होती. २०१२ मध्ये सुमारे ४० टक्के. नॉटिंगहॅमजवळ रॅटक्लिफचं कोळशाचं वीजकेंद्र होतं, एम-१ मोटरवेवरून त्याचे आठ मनोरे दिसायचे. ३० सप्टेंबर २०२४ ला ते बंद झालं. ब्रिटनमधलं कोळशाचं ते शेवटचं वीजकेंद्र. म्हणजे गाडी तीच, तार तीच, पण तारेतून येणारी वीज दरवर्षी स्वच्छ होत गेली. आपल्या राज्यात चंद्रपूर आणि कोराडी अजून कोळशावर धगधगत आहेत. तेव्हा इथे हिशोब वेगळा येईल. पक्ष वाचून मांडावा.

तुमच्यातल्या कुणी उद्या अशी गाडी घ्यायचं ठरवलं, किंवा तुमची मुलं परदेशात घेऊ लागली, तर माझं एकच सांगणं आहे. ॲव्हरेज विचारू नका. गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिथून सॉकेट किती लांब आहे, ते विचारा. रोजची फेरी किती किलोमीटरची, ते विचारा. आणि पेट्रोलचे पैसे कोण भरणार, तेही विचारा. या तीन उत्तरांवर ती गाडी चांगली की वाईट, ते ठरतं. बाकी सगळं ब्रोशर.

आता शेवटचं.

सर, २०१६ साली तुमच्या पडवीत मी तुम्हाला "हो, रोज" म्हणालो, ते खोटं होतं. तार तेव्हा पिशवीत होती, पिशवीला चिकटपट्टी होती. तुम्ही सूनबाईंना माझं कौतुक सांगितलंत, ते मी घेतलं. मागे दोन वेळा गावी आलो तेव्हा सांगायचं ठरवलं होतं, पण तुमच्या घरापर्यंत येऊन तब्येतीच्या गप्पा मारून परत गेलो. आठ वर्षं रोज तार लावल्याने ते खोटं खरं झालं असं मी स्वतःला समजावत होतो. तुम्ही शिकवलेल्या भूमितीत असं चालत नाही. साध्य पुढे सिद्ध झालं, तरी त्या दिवशी लिहिलेला पक्ष खोटा तो खोटाच.

म्हणून आज, एवढ्या सगळ्यांसमोर, उत्तर दुरुस्त करून देतो. तेव्हा लावत नव्हतो, सर. आता लावतो. इकडे यायला निघालो त्या रात्रीही लावून आलोय, बायकोने विचारायच्या आधी.

मार्क द्यायचे की कापायचे, ते तुमच्याकडे.